आधी नळ, मग आड

हॅलो?... हॅलो, लोंगा मावशी? जरा मोठ्यानं बोल गं, मागे कसला गलका चाललाय?... नळाच्या रांगेत? तू? दारात आड असताना?...

काय? बुजवले?... सगळ्यांचे?... ट्रकनं मुरूम आणून टाकला... कधी?... आज सकाळी. आणि नवे नळ? ते आले ना वस्तीत?... एकही नाही?... वाळकी कापेंटा मासळी विकतात तिथला तेवढाच. अख्ख्या वस्तीला.

हो, हो... ऐकतेय... कोण शिव्या देतंय? मापालोची आई?... आड बुजवायला लावणाऱ्या बाईला?... देऊ दे. अगं, ऐक ना. मंत्र्यांचे कान भरणारी ती शहाणी बाई... मीच.

हो. मी. तुझी चोलवे.

नाही गं, खोटं नाही सांगितलं. आडांच्या पाण्यातूनच कॉलरा पसरतोय, ते खरंच आहे. पण अहवालात मी लिहिलं होतं, आधी नळ द्या, मग आड बुजवा... बोलले ना मी! निम्मंच बोलले. आडांचं ऐकलं आणि मंत्री म्हणाले, "मग टाका बुजवून!" आणि उठलेच... अडवायला हवं होतं, कळतंय मला. तोंड होतं की! पण त्यांनी माझा हात हातात घेतला, म्हणाले, "डॉक्टर, तुमच्या अभ्यासामुळे निर्णय झाला." इतकी वर्षं माझा एक अहवाल कुणी उघडून बघितला नव्हता, मावशी. मी आपली हसत उभी राहिले... फोटोसुद्धा काढून घेतला.

...तुला पाठवलेला तो भिंतीवर लावलास? काढ. आधी काढ तो.

गप्प कशी बसू?... नाही, माझं नाव लपवू नकोस. फोन स्पीकरवर टाक... टाक म्हणते ना!

हॅलो... मावश्यांनो, मी चोलवे, लोंगा मावशीची भाची. अहवाल माझा आहे. आधी नळ द्या, हे मंत्र्यांना सांगायचं काम माझं होतं. मी सांगितलं नाही. उद्या त्यांच्या दारात जाऊन बसते, टँकर सुटल्याशिवाय उठत नाही. पण तुमच्यापुढे मला... हॅलो? कसला आवाज तो?...

पाणी आलं?... सगळ्या पळाल्या?... ऐकलं का कुणी?... कुणीच नाही.

नको, तू नको सांगूस. मी येते, तिथं उभी राहून सांगते. तू जा, कॅन भर... अगं जा ना, नंबर जाईल तुझा!

काय?... नाही, जेवले नाही अजून, न्शिमाचा घासही नाही... मावशी, असं मायेनं नको ना विचारूस... ठेवते.