बॉनेटखालची आवराआवर

वरुणराव : ...आता तूच डोकावून बघ. बॅटरी, कार्बोरेटर, एअर फिल्टर, रेडिएटर. प्रत्येक वस्तू आपल्या जागी, आणि दोन वस्तूंमध्ये हात जाईल एवढे मोकळे अंतर. पूर्वी इथे साधा प्लग बदलायचा म्हटले तर आधी कोळ्याचे जाळे भेदावे लागे.

भवानी : अण्णा, मी आत्ता तिरुचीच्या शिबिराहून येते आहे. पिशवीसुद्धा अजून खांद्यावर आहे. मज एवढेच सांग, गिअरच्या मुठीवरचे बटण दाबले तर क्लच का दबत नाही?

वरुणराव : क्रमाने सांगतो.

भवानी : क्रम नको. उत्तर दे.

वरुणराव : क्रम सोडला तर तुला अन्याय वाटेल, म्हणून सांगतो. एसीचा कॉम्प्रेसर कधीचा बंद पडला होता. उगाच पट्टा ओढीत बसलेला. तो काढला. टाकीतली वाफ शोषणारा कोळशाचा डबा आतून चोंदला होता. तोही काढला. गॅसचे किट तूच टाकून दिलेस, पण त्याच्या नळ्या मेलेल्या सापांसारख्या तशाच लोंबत होत्या. जेवढ्या नळ्या तेवढ्या फटी, भवानी. फटीतून नको ती हवा शिरते आणि कार्बोरेटरने जुळवलेले सगळे प्रमाण बिघडते. इंजिन अडखळे, ते त्यामुळेच. आता सुरू करून ऐक—

भवानी : आणि माझा क्लच?

वरुणराव : तोही नळीवरच चालत होता.

भवानी : चालत होता! वैनी, ऐकलेत का? होता!

चंद्रमती : पिशवी इकडे दे आधी. गरम कापी आणू?

भवानी : कापी नको. अण्णा, माझा डावा पाय पेडल दाबू शकत नाही, हे पोलिओचा ताप उतरला त्या सकाळपासून तुला ठाऊक आहे. म्हणून तर ते यंत्र बसवले. मी बोटाने बटण दाबायचे, आणि इंजिनाच्या ओढीने त्या डब्यातला पडदा मागे सरून क्लच ओढायचा. तो काळा डबा, त्याची जाड नळी, त्याची तार. तुझ्या चार वस्तूंत ती कुठे दिसत नाहीत.

वरुणराव : ती मूळ गाडीत नव्हती.

भवानी : मूळ गाडीत मीही नव्हते!

वरुणराव : शब्द पकडू नकोस. कुंभकोणमला जुन्या गाड्यांचे प्रदर्शन भरते आहे. कारखान्यातून बाहेर पडली तशी गाडी असेल तरच तिथे घेतात. मी म्हटले, आयुधपूजेच्या निमित्ताने इंजिन धुवायचेच आहे, तर जे नंतर चिकटले ते सोडवून ठेवावे. सोडवले, बरे का. एकही नळी कापलेली नाही. ट्रंकेत कापडात गुंडाळून आहेत.

भवानी : कुंभकोणमला गाडी नेणार कोण? डोळ्यांपायी तुझे लायसन्स गेले. वैनी चालवत नाहीत. या घरात चालवणारी एक मी.

वरुणराव : ड्रायव्हर मिळतात.

भवानी : मिळतात ना! तेच ऐकायचे होते. बरे, ते राहू दे. ट्रंक उघड आणि यंत्र बसव. पहाटे मज पापनाशमला पोचायचे आहे.

वरुणराव : आज?

भवानी : आत्ता.

वरुणराव : आज आयुधपूजा आहे. पाने, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर, सगळे चंदन-कुंकू लावून देवीपुढे मांडले आहे. उद्या पुनर्पूजा झाल्यावाचून त्यांतले एकही हत्यार उचलता येत नाही. हे मी ठरवलेले नाही.

भवानी : कार्तिकेयला बोलावते.

वरुणराव : बोलाव. त्याच्या गॅरेजच्या दाराला केळीचे खुंट बांधलेत. तो येईल, प्रसादाचे सुंदल खाईल, तुझी विचारपूस करील. पाना मात्र हाती धरणार नाही. आज या गावात कोणीच धरणार नाही.

भवानी : हे तू किती शांतपणे सांगतोस, अण्णा. जणू वाट मोजून ठेवली होतीस.

वरुणराव : माझ्यावर हेतूचा आरोप करू नकोस. काम करता करता एखादी गोष्ट अनवधानाने—

भवानी : अनवधानाने? तू? शेजारच्या लग्नपत्रिकेतल्या चुका लाल शाईने सुधारून पत्रिका परत पाठवणारा माणूस तू! वैनींच्या सांबारात मोहरी कोणत्या बाजूने जळली तेही सांगतोस. आणि माझा क्लच तुझ्या नजरेतून निसटला?

वरुणराव : निसटला असे मी म्हटले नाही. निसटू शकतो असे म्हणत होतो.

चंद्रमती : उजेडाची बॅटरी मी धरली होती.

वरुणराव : चंद्रमती, तुला कोणी विचारले नाही.

चंद्रमती : म्हणूनच सांगते. शेडमध्ये काळोख होता, मी उजेड धरून उभी होते. काळ्या डब्याशी आले तेव्हा मी म्हटले, अहो, हे भवानीच्या पायाचे ना? म्हणाले, हो.

भवानी : आणि मग?

चंद्रमती : मग म्हणाले, उजेड जरा डावीकडे धर.

भवानी : धरलात?

चंद्रमती : धरला. लग्न झाल्यापासून धरतेच आहे. अय्यो, माझ्याकडे असे बघू नकोस गं.

(शेजारच्या घरातून पूजेची घंटा ऐकू येते.)

भवानी : पापनाशमला घर घेते म्हणून मी सांगितले, त्या संध्याकाळी तू एक शब्द बोलला नाहीस. वाद न घालणारा वरुणराव! मी वेडी, मज वाटले मान्य झाले.

वरुणराव : मान्य होण्यासारखे त्यात काय होते? भाड्याचे घर. रोज इथून तिथल्या शाळेला जात होतीस, येत होतीस. काय उणे होते?

भवानी : उणे काही नव्हते. तू होतास. मी पाच मिनिटे उशिरा आले की दारापुढच्या तिण्णैवर बसून घड्याळाला किल्ली देणारा. बरोबरच्या शिक्षकाला मी कुंभकोणम फाट्यापर्यंत सोडले, तर दुसऱ्या दिवशी मागच्या सीटवर कोणाचा केस पडला आहे ते सांगणारा. पन्नाशी उलटली माझी, अण्णा. मी गणित शिकवते. मज मुले 'टीचर' म्हणतात आणि उभी राहतात. मग घरी येऊन हजेरी द्यायची ती कोणाला?

वरुणराव : अप्पांनी तुला माझ्या हवाली केले होते.

भवानी : मला केले होते. माझी गाडी केली नव्हती. ती मी माझ्या पगारातून घेतली.

वरुणराव : आणि पाय दुखला तर? रात्री पडलीस तर? त्या पापनाशमला कोण आहे तुझे?

भवानी : शेजारी नागलक्ष्मी टीचर आहे. खाली घर आहे, पायऱ्या नाहीत. न्हाणीत धरायला दांडा लावून घेतला आहे. तुझ्या या घरात तो लावायचा म्हटले, तेव्हा म्हणालास, भिंतीची शोभा जाते.

वरुणराव : तेव्हा तो विषय वेगळा होता.

भवानी : एकच विषय आहे. शोभेच्या आड जे जे येते ते मला लागते.

वरुणराव : तू बोलतेस फार नेमके. ते माझ्याकडूनच शिकलीस. आता माझेही ऐक. तू बाहेर असलीस की मी पुढचा दिवा मालवत नाही. गल्लीच्या तोंडाशी गाडी वळली की आवाजावरून मज कळते. तीच वळते की दुसरी, दुसऱ्या गिअरवर की पहिल्या. मग मी उठतो, दिवा मालवतो, झोपतो. असा क्रम आहे. तू उद्या गेलीस की तो दिवा मी कशावरून मालवू?

चंद्रमती : हे तुम्ही मलाही कधी सांगितले नाहीत.

भवानी : अण्णा.

वरुणराव : बोल.

भवानी : हेच तू नळी सोडवण्यापूर्वी बोलला असतास, तर कदाचित मी घराचे आगाऊ भाडे परत मागितले असते. कदाचित. मी दर शनिवारी आले असते, हे तर नक्की.

वरुणराव : अजूनही काही गेलेले नाही. उद्या पुनर्पूजा झाली की तासाभरात बसवून देतो. पहिल्यापेक्षा चांगले बसवतो. यंत्र बसवणाऱ्या त्या तिरुचीवाल्याने नळीला नको तिथे बाक दिला होता.

भवानी : बसवशील. तुझ्या हातावर माझा विश्वास आहे. उद्या तू काय बसवशील ते मज नीट माहीत आहे. परवा काय काढशील ते माहीत नाही. तेवढ्यासाठी मी त्या गाडीत बसायची नाही.

वरुणराव : म्हणजे गाडी टाकून जाणार?

भवानी : प्रदर्शनात ठेव. कारखान्यातून आली तशी आहे ना आता? वैनी, ऑटो सांगा. रेल्वे स्टेशनला.

चंद्रमती : आजच? गृहप्रवेशाचा मुहूर्त पहाटेचा आहे.

भवानी : आज रात्री नागलक्ष्मीकडे निजते. पहाटे तिथूनच नव्या घरात दूध तापवायला जाईन. तुम्ही येता का?

चंद्रमती : ...पुनर्पूजेला घरात कोणी तरी लागेल.

भवानी : हो. लागेल.

वरुणराव : पिशवी जड आहे. स्टेशनपर्यंत मी येतो.

भवानी : नको. मी वजन उचलू शकते, अण्णा. फक्त पेडल दाबता येत नाही.

चंद्रमती : ऑटोवाल्याला दारातच थांबायला सांगितले आहे. पायरीपाशी ओल आहे, बघून उतर. सुंदल बांधून दिले आहे. पोचलीस की फोन कर.

भवानी : करीन. तुम्हाला करीन.

चंद्रमती : ...गेली. कोपऱ्यावरून वळली. अहो, तिथे काय करता? शेडमध्ये कशाला?

वरुणराव : इकडे ये जरा. हे बघ, किल्ली फिरवली की एका फटक्यात. आता ऐक. पूर्वी कशी खोकत होती! आता एक अडखळ नाही, एक थरथर नाही. ऐकतेस ना?

चंद्रमती : ऐकते. बंद करा. पेट्रोल संपले तर भरून आणणारे आता घरात कोणी नाही.