उठवू नका म्हणली मी

माझा धाकटा भाऊ दिनकर सोमवारी सकाळी सहा वाजता माधवनगरात वारला. त्याच दिवशी चार वाजता त्याला पुरला. मला ते मंगळवारी दुपारी बारा वाजता कळलं, आंबिलीची किटली हातात घेऊन त्याच्या दारात हुबी हुती तवा.

हे आधी लिवून घ्या, मग बाकीचं सांगते.

आमी मूळचे उंब्रजचे. मी अजून हितंच असते, बायकांची टोळी घेऊन रानातलं तण भांगलायला जाते. आई गेली तवा मी अकरा वर्सांची आन दिनू चार वर्सांचा. बाप पलटणीत, लांब. आईला अंगणात ठेवली हुती आन दिनू तिचा पदर वढायला लागला. माझ्या तोंडात काय आलं कुणाला ठावं, मी म्हणली, आई निजलीया, गप, उठवू नगं तिला. त्यो गप बसला. मग तिला नेली, तरी त्यो दारातच. आक्का, आई कवा उठंल गं? मी म्हणायची, उठंल. काय सांगू तुमाला, महिनाभर त्या पोरानं घरात मोठ्यानं बोलू दिलं न्हाई कुणाला.

मोठा झाल्यावर माधवनगरच्या गिरणीत लागला, ती बंद पडल्यावर यंत्रमागावर. तिथं ख्रिस्ती लोकांत त्याची ऊठबस झाली, रिबेकाशी लगीन केलं, दिनकरचा दानियल झाला. आमचं मालक, आता तेबी न्हाईत, ते म्हणलं, बाटला त्यो, त्याच्या घरचं पाणी प्यायचं न्हाई. मी बारा वर्सं प्याली न्हाई. त्यो मातूर दर भाऊबीजेला यायचा, पायरीवर बसायचा आन म्हणायचा, ववाळ की गं, मी बाटलो आसंन, कपाळ तेच हाय. हसायचाच लय.

एकदा मी रागानंच इचारलं, का रं गेलास तिकडं, काय कमी हुतं? तर म्हणला, आक्का, तू मला आई निजलीया म्हणलीस. मोठा झालो तशी सगळी म्हणली, आक्कानं तुला फसवलं. तिकडं गेलो तर ती लोकं मेलेल्या माणसाला निजला म्हणत्यात, येशू उठवणार हाय म्हणत्यात. म्हंजी तू खोटं बोलली न्हवतीस.

हे मला म्हाईत हुतं बघा. त्यानंच सांगितलं हुतं. तरी घात झाला.

त्याच्या अन्ननलिकेत गाठ झाली. डॉक्टर म्हणलं, आता घरी ठेवा. मी आठ दीस जाऊन ऱ्हायली, त्याच्या घरचं पाणी प्याली, भाकरी खाल्ली. आडवं झालं की ठसका लागायचा, त्यामुळं त्यो रातंदीस तक्क्याला टेकून बसलेला, डोळ्याला डोळा न्हाई. गळ्याखाली नुसती आंबील उतरायची, तीबी माझ्या हातची. पर भ्याला न्हवता. लोकं धीर द्यायला यायची आन त्योच त्यांना धीर द्यायचा. त्याचा दोस्त सुतार, पुरायची पेटी त्योच करणार हुता, त्याला म्हणला, गड्या, जरा लांब कर, पाय दुमडून निजायची सवय न्हाई मला. सुतार रडायला लागला, ह्यो हसला, मग ठसका लागला.

मला म्हणला, आक्का, आमच्यात सगळी मूठ मूठ माती देत्यात, पयली मूठ तुझी. मी म्हणली, गप रं. म्हणला, न्हाई, कबूल कर. मी कबूल केलं. मग म्हणला, मला भ्या न्हाई, मला निजायचंय नुसतं. उठल्यावर आईला सांगीन, आक्कानं मला खरं सांगितलं हुतं.

टोळीनं काम धरलं हुतं, म्हणून आठवडाभरासाठी मी माघारी आली. सकाळी सात वाजता फोन लावायची. रिबेका, निजला का गं? ती म्हणायची, नाही आक्का, बसूनच आहेत.

सोमवारी मी लावायच्या आधी तिचाच आला. रिबेका मिशनच्या शाळेत शिकलेली, तिचं बोलणं शुद्ध. म्हणली, आक्का, ते निजले. आवाज हळू, शांत. मागं गाणी चाललेली, पर गाणी त्यांच्यात रोजचीच. आमच्यात माणूस गेलं की आधी हंबरडा कानावर येतो, मग शब्द. मी म्हणली, बरं झालं गं बाई, निजू दे त्याला, कुणी उठवू नका, मी येते. आन ठेवला फोन. आंबील करून उद्या जायचं, आसं माझ्या मनात. रिबेका मला मागनं म्हणली, मला वाटलं, आक्कांनी किती विश्वासानं घेतलं. त्यांच्या चर्चच्या पाळकांनाबी तिनं तेच सांगितलं. आक्का येतायत, थांबू या म्हणली.

फोन चार्जिंगला लावून मी रानात गेली. दिवसरात लाईटच न्हवती, फोन बंद पडला. त्यांनी किती लावला आसंल. हिकडं मी गाणं म्हणतीया. बाया म्हणल्या, आक्का लय खुशीत, दुसरं लगीन ठरलं का काय? मी म्हणली, गप गं भवाने, माझा भाऊ निजलाय, चौदा दिसांनी. चार वाजता आमी शेवटची पात काढत हुतो. तिकडं पेटी खाली सोडली आन बराच येळ कुणी माती टाकली न्हाई, वाटंकडं बघत ऱ्हायली सगळी.

मंगळवारी गेली. रिबेका पांढऱ्या साडीत दारात. मी म्हणली, उठलाय का?

तिनं माझा हात धरला आन म्हणली, आक्का, काल माती दिली त्यांना.

ती मला कबरस्तानात घेऊन गेली. खड्डा भरलेला, वर फुलं सुकलेली. मी मूठ घेतली आन टाकली, पयली न्हवं, सगळ्यांच्या मागनं. किटली घरी आणली. रिबेकाच्या पोटात दोन दीस काय न्हवतं, दोघींनी बसून ती आंबील प्यालो. मी तिला इचारलं, मी उठवू नका म्हणली गं, त्याचं काय? ती म्हणली, आक्का, उठवणारा तुमचं ऐकून थांबायचा नाही. आन मग ती रडली, पयल्यांदा, माझ्या मांडीवर.

मला त्यांचं काय कळत न्हाई. मी माझ्या देवाला दिवा लावते. त्यो शब्द मीच त्या पोराला दिला हुता, आन माझ्याकडं माघारी आला तवा मला वळखू आला न्हाई.

आता दगड बसवलाय. मला वाचता येत न्हाई, रिबेकानं बोट फिरवून सांगितलं. वर दानियल, त्याखाली दिनकर, त्याखाली प्रभूमध्ये निजला.

सकाळी सात वाजता मी अजून फोन लावते. इचारते, निजला का गं? ती म्हणते, होय आक्का, निजलेत. आजबी लावला हुता. मग भांगलायला गेली.