हजेरीला लागणारा वेळ

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान असलेले मान्यवर पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या आपल्या मोठ्या बाई, सर्व शिक्षक, पालक बंधुभगिनी आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे खाली सतरंजीवर बसलेल्या बाळगोपाळांनो, सर्वांना माझा नमस्कार.

पालकांतर्फे चार शब्द बोलायला मला उभं केलं, इथेच संयोजकांचं चुकलं. मी केस कापणारा माणूस. माझ्या दुकानात एक वेळ कात्री थांबेल, तोंड थांबत नाही. अध्यक्ष महोदयांना हे चांगलं ठाऊक आहे, कारण त्यांचं डोकं नेहमी माझ्याच हाताखाली असतं. घाबरू नका साहेब, आज वस्तरा दुकानात ठेवून आलोय.

बाई सेवानिवृत्त होत आहेत, असं निमंत्रणावर छापलंय. त्यांच्यामागोमाग शाळाही बंद होतेय, हे मात्र छापायचं राहून गेलं. सोमवारपासून आपली मुलं पलीकडच्या मोठ्या शाळेत जाणार. मुलं कमी झाली, इमारत जुनी झाली, निर्णय वरून आला, सगळं मान्य. मी भांडायला उभा नाही. पण निरोपाच्या दिवशी तरी खरं बोलावं की नाही?

माझी मुलगी मिरी. हे घरातलं नाव. ती बोलताना अडखळते. पहिलं अक्षर ओठांवर येतं आणि तिथेच ठाण मांडून बसतं. तिला शाळेत घालायची वेळ आली, तेव्हा माझ्या खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाने सल्ला दिला. गळ्याभोवती कापड गुंडाळलं की माणसाला फार सुचतं. दूधवाले म्हणाले, "पोहण्याचा तलाव असलेल्या शाळेत घाल." औषधांचे दुकानदार म्हणाले, "वसतिगृहात ठेव, मुलं आपोआप धीट होतात." एक साहेब म्हणाले, "घरीच शिकव, हल्ली तेच चाललंय." माझा मेव्हणा तर म्हणाला, "दाजी, अशा मुलांची शाळा वेगळी असते." त्या दिवशी सख्ख्या बहिणीने त्याला चहासुद्धा विचारला नाही.

आम्ही दोघं मिरीला घेऊन शाळा बघत हिंडलो. तलाव पाहिला, पाणी निळंशार होतं. तिथल्या मॅडमनी मिरीला नाव विचारलं आणि ती तोंड उघडतेय तोवर तिच्या आईकडे वळून म्हणाल्या, "काय हो नाव हिचं?" वसतिगृह पाहिलं. खाटा ओळीने, चादरीला एक सुरकुती नाही. हिने विचारलं, "पोरीला काही दुखलंखुपलं तर सांगायचं कुणाला?" तिथले गृहस्थ म्हणाले, "सांगायचं कशाला? घंटा आहे ना." मग काही महिने घरीच शिकवून पाहिलं. पण घरी तिला काय म्हणायचंय ते आम्हाला आधीच कळायचं आणि तिचं वाक्य आम्हीच पुरं करायचो. लाडाने हो! पोरीला बोलायचं कारणच उरलं नाही.

शेवटी इथे आलो. भिंतीला ओल, नळ गळका. आणि बाईंची ती हजेरी! इथे नाव पुकारलं की नुसतं 'हजर' म्हणायचं नाही. उभं राहून, येताना वाटेत काय दिसलं ते सांगायचं. कुणाला कुत्रं दिसतं, कुणाला भांडण. मी दारात उभा होतो. मिरीचं नाव आलं, ती उठली आणि अडकली. बाईंनी पेन खाली ठेवलं. वर्ग चिडीचूप. बाई घाई करेनात की तिच्या तोंडचा शब्द घेईनात. मला राहवेना, मीच काहीतरी बोलणार होतो, तर बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने मागे सरलो. बऱ्याच वेळाने मिरी म्हणाली, "मांजर. भिंतीवर."

तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा विचारलं होतं, "या शाळेत हजेरीला इतका वेळ का लागतो?" बाई म्हणाल्या, "मुलं बोलतात म्हणून."

पुढे मिरीची वाक्यं वाढली. इतकी, की ती आईशी भांडायला लागली. तोंडाला तोंड! मला एवढा आनंद झाला की त्या दोघींच्या मध्ये मी कधी पडलोच नाही.

गेल्या आठवड्यात मुलांना नवी शाळा दाखवायला नेलं. मोठी आहे, स्वच्छ आहे, उजेड भरपूर. वर्गात हजेरी सुरू झाली. मिरीचं नाव आलं, आणि सवयीने ती उभी राहून वाटेत काय दिसलं ते सांगायला लागली. कुणाला काही कळेना. मुलं हसली. तिथल्या शिक्षिका वाईट नाहीत हो, पण समोर एवढी मुलं. त्या म्हणाल्या, "बाळ, फक्त हजर म्हण." मिरीने प्रयत्न केला. शब्द सुटेना. शिक्षिका पुढच्या नावावर गेल्या.

त्या दिवसापासून माझी मुलगी बोललेली नाही. घरीसुद्धा नाही. भूक लागली की ताट पुढे करते. परवा तिची आई मुद्दाम तिच्याशी भांडली, निदान उलट तरी बोलेल म्हणून. ती नुसती बघत राहिली. मला फार भीती वाटते, साहेब. सोमवारपासून ती रोज त्या वर्गात बसणार आहे.

आजचा कार्यक्रम उशिरा सुरू झाला. मघाशी सूत्रसंचालकांनी 'काही अपरिहार्य कारणामुळे' अशी दिलगिरी व्यक्त केली. ते कारण म्हणजे आम्ही. दारातच बाईंनी मिरीला विचारलं, "त्या दिवशी वाटेत काय दिसलं होतं गं?" आणि थांबल्या. पाहुणे आले, हार आले, व्यासपीठावरून दोनदा बोलावणं आलं. बाई जागच्या हलल्या नाहीत. शेवटी मिरीने मान हलवली आणि आत येऊन बसली. तिने बाईंनाही सांगितलं नाही.

अध्यक्ष महोदय, आपण घड्याळ पाहिलंत, मी समजलो. नव्या शाळेत बाकं न्या, कपाटं न्या, फक्त ही हजेरी मागे टाकू नका, एवढीच विनंती. पुढच्या वेळी माझ्या खुर्चीत बसाल तेव्हा उत्तर द्या, मी घाई करणार नाही.

संयोजकांचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचं मन दुखावलं असेल, मानपानात काही राहून गेलं असेल, तर या अडाण्याला पदरात घ्या. बाई, तुमचे आभार खरं तर मिरीने मानायचे होते. ती तिथे, खांबाजवळ बसलीय. तिच्या वतीने मी बोलणार नाही. तिचं वाक्य दुसऱ्याने पुरं करायचं नाही, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत.