इथे फाडा

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक पुडीवाला आणि त्याचा मेहुणा बसले होते.

"भावजी, दात तुटला कशानं?"

"शाम्पूची पुडी फोडताना."

"तिच्यावर 'इथे फाडा' लिहिलेलं असतं की!"

"लिहिलंय. खाच पडलेली नाही."

"पुडी कुणाच्या कारखान्यातली?"

"हळू बोल. आपल्याच. खाचेचं ब्लेड बोथट झालंय."

"मग बदला ना!"

"त्यासाठी मशीन थांबवलं, की ऑर्डर दुसऱ्याच्या घशात."

"माझ्या कागदी पिशव्या बऱ्या."

"तुझ्या पिशवीचा तळ घरापर्यंत तरी टिकतो का?"

"अशा पुड्या बाजारात किती गेल्या?"

"समोर गाल धरून बसलेत, त्यांना विचार."

एवढ्यात, ब्लेडचं ऐकून आत गेलेल्या काउंटरवरच्या बाई लगबगीनं बाहेर आल्या.

"पुडीवाले आपणच ना? डॉक्टर म्हणाले, तुम्हाला रांग नाही. फक्त ब्लेड बदलू नका."