ही गोष्ट आहे, बरं का

(तिसगाव, डिसेंबर १९४८)

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि ज्यांनी आपल्या वाचनालयाला स्वतःची ओसरी दिली ते आदरणीय काकासाहेब, नगरहून वेळ काढून आलेले सन्माननीय पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या दीनाबाई, आणि बाजार आटोपून, पिशव्या मांडीशी घेऊन बसलेल्या बंधुभगिनींनो,

मधे येऊन उभा राहा, असं काकासाहेबांनी मला दोनदा खुणावलं. त्यांचा मान राखून मी इथेच, या टोकाला उभा राहतो. त्याला कारण आहे, ते शेवटी सांगेन.

वाचनालयाचा चिटणीस म्हणून मी निरोपाचं भाषण परवाच लिहून काढलं होतं. चांगली चार पानं झाली होती. ती या खिशात आहेत आणि खिशातच राहतील. काल सकाळी मी घोंगड्या विणणाऱ्या छगनच्या अंगणात जे ऐकलं, त्यानंतर त्यातलं एक वाक्यही माझ्या तोंडून निघायचं नाही. मी अजून सावरलेलो नाही. बोलताना अडखळलो तर सांभाळून घ्या.

पाहुण्यांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. बाई चौदा वर्षांपूर्वी इथल्या मुलींच्या वर्गावर आल्या. तेव्हापासून दर बाजारच्या दिवशी दुपारी या ओसरीवर त्या वाचतात. आधी वर्तमानपत्र, मग पुस्तक. पुस्तक इंग्रजी असलं तर डोळ्यांनी इंग्रजी वाचायचं आणि तोंडाने मराठी सांगायचं, मधे दम घ्यायचा नाही. ही विद्या मला आजवर साधली नाही, आणि मी स्वतःला वाचक म्हणवतो.

ऐकणारे आम्ही कसे? काकासाहेबांना लढाई लागते. आमचे हैदरभाई शिंपी रहस्यकथेत दुसऱ्याच दिवशी खुनी ओळखतात आणि मोठ्याने जाहीर करतात, त्यापायी दोघांनी त्यांच्याशी अबोला धरला होता. बाईंची आवड साधी. "ज्या कादंबरीत कुणी पोटभर जेवत नाही, ती मला वाचवत नाही," असं त्या म्हणायच्या. मी हसायचो. मला काळीकुट्ट पुस्तकं आवडायची, उद्याचं जग किती वाईट होईल ते सांगणारी. जो असलं वाचत नाही तो अजून बाळबोध, असं माझं मत होतं. मत कसलं, घमेंड होती.

त्रेचाळीस साली नगरच्या कॅम्पातल्या रद्दीत मला असं एक पुस्तक मिळालं. वरची पानं फाटलेली, त्यामुळे लेखकाचं नाव कळलं नाही, पुस्तकाचंही नाही. आत एक शहर. तिथलं सरकार प्रत्येक मूल सात वर्षांचं झालं की आईबापांकडून घेऊन जातं, त्याला आकडा देतं, आणि आईबापांनी त्याचं नाव विसरायचं. जो याबद्दल बोलेल त्यालाही नेतात. मी ते झपाटल्यासारखं वाचलं आणि बाईंपुढे ठेवलं. बाई नको म्हणाल्या. मी हट्ट धरला.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. बाईंची सवय होती, वर्तमानपत्र घडी करून ठेवायचं आणि म्हणायचं, "आता गोष्ट." शिवाय वाचता वाचता मधूनच, "ही गोष्ट आहे, बरं का." मी म्हटलं, बाई, हे बंद करा, समोर काय पोरं बसलीत? सगळा रंग जातो. परकी नावंही कानाला टोचतात, नुसतं 'शहर' म्हणा, 'सरकार' म्हणा. बाईंनी माझं ऐकलं. ओसरी भरून माणसं यायला लागली, आणि मी मिशीला पीळ देत फिरायचो.

सात आठवडे झाले आणि बाईंनी शेवटची तीन प्रकरणं ठेवून पुस्तक माझ्या हातात परत दिलं. म्हणाल्या, डोळे दुखतात. पुढच्या आठवड्यापासून "ही गोष्ट आहे, बरं का" पुन्हा सुरू झालं, तेही पहिल्यापेक्षा जास्त. मी चिडलो. त्या सालच्या अहवालात मी लिहिलं, 'वाचिकेच्या कोमल अभिरुचीमुळे एक थोर कृती अपुरी राहिली.' हे वाक्य छापलेलं आहे. मी ते पाच वर्षं लोकांना वाचून दाखवलंय, बाईंसमोरसुद्धा.

बाई, खूण करू नका. आज मी थांबणार नाही. छगनला विचारून बोलतोय.

काल मी छगनकडे गेलो, बाईंना द्यायला घोंगडी घ्यावी म्हणून. त्याने ती आधीच विणून ठेवली होती, बाईंसाठीच. मी सहज म्हटलं, बाईंवर तुझा फार जीव दिसतो. तो म्हणाला, "माजी पोरगी त्यांनीच परत आनली की."

कुठून परत आणली?

मंडळी, छगन घोंगड्या विकून, गठ्ठा बांधून मग ओसरीवर यायचा. म्हणजे दर वेळी उशिरा. तो टेकायचा तेव्हा वर्तमानपत्र संपलेलं असायचं. आवाज तोच, चष्मा तोच, बाईंच्या हातात कागदच. त्याला वाटलं, बातम्या चालल्यात. शहर, सरकार, सात वर्षांची मुलं. त्याची चांगुणा दिवाळीत सात वर्षांची होणार होती.

तो कुणाला विचारेल कसा? जो बोलतो त्यालाही नेतात, हे त्याने याच ओसरीवर ऐकलं होतं. त्याचा मेहुणा भंडारदऱ्याच्या धरणावर कामाला गेला तो तिकडेच राहिला. छगनने पोरीला नेऊन धरणाच्या वरच्या डोंगरात, मेहुण्याच्या झोपडीत ठेवलं, आणि गावात सांगितलं, मामाकडे गेलीय. ते खोटंही नव्हतं.

बाईंच्या वर्गात तिची जागा रिकामी राहिली. बाई रोज विचारायच्या आणि छगन रोज मान खाली घालायचा. शेवटी एकदा तो हळूच म्हणाला, "बाई, तुमीच वाचता आन् तुमीच इचारता व्हय?"

हे ऐकून बाईंचं काय झालं असेल, मला सांगवत नाही. काल मी तिथेच मागाशेजारी खाली बसलो.

दुसऱ्या दिवशी बाई छगनला घेऊन निघाल्या. नगर, संगमनेर, अकोले, पुढे पायी. पोरगी तापाने फणफणली होती. कान वाहत होता, औषधाला डोंगरात कोण होतं? ती वाचली. डावा कान गेला तो कायमचा. बाईंनी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. चिटणीसाला तर मुळीच नाही, कारण हट्ट कुणाचा होता हे मग सगळ्या गावाला कळलं असतं. माझी अब्रू त्यांनी पदराआड ठेवली, आणि मी त्यांना कोमल म्हणत फिरलो.

मी छगनला विचारलं, अरे, एवढं भयंकर सगळं, तुला एकदाही खोटं वाटलं नाही?

तो रागावला नाही. म्हणाला, "राव, त्या साली सरकारनं लेव्हीत धान्य नेलं. मिल्ट्रीला गाड्या नेल्या. माज्या घोंगड्याबी नेल्या. पोरंच तेवढी ऱ्हायली हुती."

  मी ते पुस्तक नवलाने वाचलं, बाईंनी ते माझ्या हट्टापायी वाचलं, आणि या माणसाने ते सगळं खरं म्हणून ऐकलं. आमच्या तिघांत नीट ऐकणारा कोण होता?

"तरी तू वाचनाला येत राहिलास?" मी म्हटलं.

"बाई आदी सांगत्यात ना, गोष्ट हाय म्हनून. मग भ्या न्हाई वाटत."

बाई, अहवालातलं ते वाक्य मी आज सकाळी शाईने खोडलं, पण छापलेल्या बाकीच्या प्रती घरोघर आहेत. ज्यांच्याकडे असतील त्यांनी कृपा करून स्वतःच्या हाताने खोडावं. पुढच्या बाजारापासून बाईंच्या जागी मी वाचणार आहे. इंग्रजी जमायचं नाही, मराठी वाचेन, आणि प्रत्येक वेळी आधी काय म्हणायचं ते मला पाठ झालंय.

आता मी इथे का उभा आहे ते सांगतो. पहिल्या रांगेत चांगुणा बसली आहे. आता बारा वर्षांची झाली. मी बोलत असलो की ती मान वळवून दुसरीकडे बघते. पाच वर्षं मला वाटायचं, काय ही पोरीची घमेंड. तिचा चांगला कान या बाजूला आहे, हे मला काल कळलं. बाळ, आज मी त्या बाजूला आलोय. सगळं ऐकू आलं ना?

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, छगनचे आणि आपणा सर्वांचे आभार मानतो. भाषणात काही कमी-जास्त झालं असेल तर ते पोटात घाला. ते पुस्तक वाचायला लावलं, ते मात्र घालू नका.