तोंडावरचा रुमाल

मांजरसुंब्याला एस्टीची वाट बघत बसलेल्या मंगलबाईंचे कान मागच्या बाकावरच्या दोघांकडे लागले होते.

“शहादेव, पुण्यात लेकाच्या आवडत्या बिअर बारमदी गेलतो. कुणी वळखू नये म्हणून सवयीनं तोंडाला रुमाल बांधूनच शिरलो.”

“मग?”

“आत लख्ख उजेड! बायामाणसंबी बसलेली, कुणीच तोंड लपवीना. काचंमागं तांब्याचे हे मोठाले हंडे. बिअर तिथंच बनवतेत.”

“कशाची बे?”

“ज्वारीची! दर खेपेला नव्या गावची. अन् त्या गावाचं नाव भिंतीवरच्या फळ्यावर लिहितेत.”

“तू गेलास तवा कुणाचं व्हतं?”

“चकलांबा.”

“आपलं?”

“आपलंच. लई मोठ्या अक्षरात.”

“अरं बाप रे! अन् तू?”

“मी काय, रुमाल सोडला.”