जिथे सोडलं तिथेच उघडतं

मला सांगा, माणसानं विश्वास ठेवायचा कोणावर? स्वतःच्या डोक्यावर की यंत्रावर? मी आपला यंत्रावर ठेवला... आणि आता चार लोकांत तोंड लपवत फिरतोय!

हसताय काय, ऐका तरी. माझं खिळे-बिजागऱ्यांचं दुकान. शाळा लवकर सुटली, पुढचं सगळं शिक्षण झालं ते रद्दीच्या कागदात खिळ्यांच्या पुड्या बांधता बांधता, त्यामुळे वाचनाचा नाद मोठा आणि मिरवण्याचा त्याहून मोठा! तर जावईबापूंनी ई-रीडर आणून दिला. म्हणाले, "बाबा, खूण घालायला नको, पान दुमडायला नको, जिथे सोडलं तिथेच उघडतं." सोय हो, सोय! अक्षर हवं तेवढं मोठं करा, अख्खं कपाट खिशात घाला... बायकोनं एकदा हात लावला तर मी खेकसलो, "राहू दे गं, भलतंच बटण दाबशील!" ती म्हणाली, "बरं." तिचं हे 'बरं' मला अजून कळलेलं नाही.

मग एक कादंबरी घेतली. नवरा-बायकोची गोष्ट. रोज दुकान बंद करून आलो की एक प्रकरण. पण तुम्हाला सांगतो, काल नवरा रागावून घराबाहेर पडलेला, आज उघडतो तर साहेब परदेशात नोकरीला! पुढे एकदा तर काल बायकोला पत्र लिहीत होता, आज बायकोचा फोटो भिंतीवर! अरे, गेली कधी? कशानं? पण यंत्र म्हणतंय, जिथे सोडलं तिथेच. दुकानात काटा सांगेल ते वजन, आपण हातानं तोलून काट्याशी वाद घालतो का? म्हटलं, चूक असेल तर आपल्या डोक्याची. आणि नसेल, तर हेच ते मोठं साहित्य असणार!

झालं! वाचनालयाच्या बैठकीत उभा राहिलो. बायकोला मुद्दाम नेलेलं, नवरा बोलताना दिसावा म्हणून. सुरुवातच केली, "आमच्या घरात वाचणारा मी एकटाच..." आणि मग सुटलोच. "काय धाडस आहे लेखकाचं! बायको मरते, पण आजारपणाचं एक अक्षर नाही! वाचकावर केवढा भरवसा!"

समोर निवृत्त मुख्याध्यापिका. चष्मा नाकावर ओढून म्हणतात, "अ-हो, का-य बोलताय? आजारपणावर तर अर्धं पुस्तक आहे!"

आता गप्प बसावं की नाही? मी म्हणतो, "बाई, तुमची छापील प्रत. छापखान्यानं भर घातली असेल. माझं यंत्र आहे!"

तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून आवाज आला, "अहो... ती पानं मी वाचली."

"कधी?"

"दुपारी. तुम्ही दुकानात असता तेव्हा. बटण नाही दाबलं काही भलतं. नुसतं उघडलं की पुढचं पान समोर. सोय आहे."

सोय हो, सोय! ती दुपारी वाचायची एक प्रकरण, मी संध्याकाळी त्याच्या पुढचं, दुसऱ्या दिवशी ती माझ्या पुढचं! आणि पुस्तकात प्रकरणं एकाआड एक, एक त्याचं बाहेरचं, एक तिचं घरातलं. म्हणजे तो सगळा माझ्या वाट्याला, ती सगळी हिच्या! एक पुस्तक, दोन वाचक, आणि दोघांनी अर्धं अर्धं!

मुख्याध्यापिका हिला विचारतात, "पण तुम्हाला काही चुकल्यासारखं नाही वाटलं? ती बाई एवढी आजारी, औषधाला एकटी जाते, एकटीच जेवते... आणि नवरा कुठेच नाही?"

ही सरळ म्हणाली, "नाही बाई. मला वाटलं, असेल दुकानात."

कोणी हसलं नाही हो! हसले असते तर सुटलो असतो. सगळे आपापल्या चपलांकडे बघत बसले, आणि मी हातातलं ते यंत्र उगाच रुमालानं पुसत राहिलो...

आता दुपारी दुकानाला कुलूप लावून घरी येतो आणि तिच्या वाट्याची प्रकरणं वाचतो. तिला म्हटलं, "तू माझी वाच." म्हणते, "त्यात काय वाचायचं? तो बाहेरच असणार."

तेव्हा एवढं करा, घरात असं यंत्र असेल तर कोण कुठवर वाचलं, कोण किती वेळ घरात होतं, हिशेब अगदी खरा ठेवा... आणि बेरीज बायकोकडून तपासून घ्या!